अर्धा तास खांद्यावर

१२ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंनी सांगितलं, वही ठेवा. झिबेक किती वाजता प्याली, किती वाजता ओकली, थोडं की सगळं, आणि तिच्या आईनं त्या दिवशी काय काय खाल्लं, हे रोज लिहायचं. सुनेचे, बेगायिमचे, दोन्ही हात पोरीत अडकलेले, कुबात दिवसभर गाडीवर. मी म्हटलं, मी लिहीन. कुबात हसला. "आपा, तुम्ही? तुम्ही तर किराणाची यादीसुद्धा मला लिहायला सांगता."

सांगते, लेकानं आपल्या आपाजवळ, आईजवळ घटकाभर बसावं म्हणून. हे त्याला कळायला अजून वीस वर्षं लागतील.

चौथीपर्यंत शिकलेय मी. पाचवीत गेले असते, पण आई वारली आणि मेंढरांमागे एक माणूस कमी पडलं. अक्षर येतं अजून. हात तेवढा जड झालाय.

वही चौकटींची आहे. पुढून पहिलं पान लिहिलं: सात वाजता प्याली, सात वीसला ओकली, सगळं. मग वाटलं, सगळं कुठे लिहिलं? ओकायच्या आधी ती माझ्याकडे बघून हसली ते कुठे लिहायचं? डॉक्टरबाईंना त्याचं काय. म्हणून वही उलटी केली. पुढून त्यांची, मागून माझी.

झिबेक म्हणजे रेशीम. माझी नात, धाकट्याची पहिली. मोठ्यांची पोरं आहेत, पण ती शहरात, फोनच्या काचेतून दिसणारी. ही घरातली. हिच्या चाळिसाव्या दिवशी चाळीस चमचे पाण्यानं मीच न्हाऊ घातलं. चाळीस घरांतून चिंधी चिंधी मागून अंगडं शिवलं, तेही मीच. कान तर असे आहेत, सुकवलेल्या जर्दाळूसारखे.

वजन तीन किलो सातशे. दीड महिना उलटला आणि जेमतेम चारशे ग्रॅम वाढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोटाचं तोंड बांधायची जी गाठ असते ती हिची सैल आहे. दूध आंबट होऊन वर येतं आणि नरडं भाजतं. बऱ्याच पोरांचं होतं, मोठी झाली की जातं, पण हिचं फार आहे. वरून त्यांना असाही संशय आहे की गाईचं दूध हिला सोसत नाही, आईच्या दुधातून येतं तेवढंसुद्धा. म्हणून बेगायिमनं दूध, साय, लोणी, दही, सुकवलेल्या दह्याचे गोळे, काही खायचं नाही. चहातही दूध नाही.

मी विचारलं, "मग खायचं काय? दगड?"

"मटण खा, भात खा, बटाटा खा, आपा."

तरुण आहेत डॉक्टरबाई. नखं स्वच्छ. स्वतःला मूल नाही, मी विचारून घेतलं.

१३ मार्च

आणखी एक औषध दिलंय त्यांनी, ते मला फार आवडलं. प्रत्येक वेळी प्याल्यावर अर्धा तास तिला उभी धरायची, खांद्यावर. लगेच आडवी नाही करायची, पाळण्यात पट्ट्यांनी बांधायची तर नाहीच. हा अर्धा तास माझा. बेगायिम तेवढ्यात दोन घास खाते, अंग टाकते.

दिवसात आठ वेळा पिते, म्हणजे आठ अर्धे तास. या वयात एवढं काम मला कुणी दिलं नव्हतं. तिला घेऊन मी खिडकीशी उभी राहते आणि काय दिसतंय ते सांगते. बघ, कालीपाची गाय. बघ, कालीपाची चिमणी, धूर कसा वाकडा निघतो, कालीपासारखाच. शेजारीण आहे ती, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिला कळलं तरी चालेल.

१५ मार्च

कालीपा आली होती. पोर खांद्यावर बघून म्हणाली, "हातावरची सवय लावताय. उद्या लग्नालासुद्धा खांद्यावर न्यावी लागेल."

"नेईन की. तुझ्या गाढवावर नाही बसवणार."

मग बेगायिमचा चहा बघितला, काळा. तोंडावर हात नेला तिनं. "बाळंतिणीला काळा चहा? कुणाच्या मयताला बसलीय ही?"

बेगायिमनं चहा संपवला. ती बोलत नाहीच फारशी. शिक्षिका होती नारिनला, गणित शिकवायची, त्यामुळे मनातल्या मनात बेरजा करत असते असं मला वाटतं. पोर चांगली आहे. शेवया तेवढ्या जाड कापते, पट्ट्यासारख्या. मी बोलत नाही.

पण खरं सांगायचं तर कालीपाचं मला पटलं. बेगायिमची गालफडं आत गेलीत. अंगावर पाजणारी बाई आणि तिच्या वाडग्यात पाणी?

माझी मोठी लेक झाली तेव्हा आम्ही हिवाळी कुरणावर होतो. महिनाभर बर्फ, खालून गाडी येईना. पीठ संपत आलेलं. माझं दूध आटलं, पोर रडून रडून थकून गप्प झाली. सासरा मोजून वाढायला लावायचा, माणसं नऊ होती, त्याचाही इलाज नव्हता. एक दिवस मी वाडगा तोंडाला लावला तर तळाशी शेवयांखाली लोणी. अख्खं बोटभर. मी वर बघितलं. सासू चुलीत काटक्या घालत होती, पाठ माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी परत. बर्फ वितळेपर्यंत रोज. ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही. दूध आलं. ती पोर आज पंचेचाळिशीला टेकलीय आणि फोनवर मला आहार शिकवते.

आज हाडं उकळून शोर्पो केला, पातळ रस्सा. बेगायिमच्या वाडग्यात अर्धा चमचा लोणी सोडलं, मेंढीच्या पोटाच्या पिशवीत घालून ठेवलेलं, गेल्या उन्हाळ्यातलं. शोर्प्यावर चरबी तरंगतेच, दिसलं नाही. सगळा वाडगा प्याली. "छान झालंय, आपा," म्हणाली.

पुढच्या पानावर लिहिलं: शोर्पो, बटाटा, भाकरी, काळा चहा. लोणी नाही लिहिलं. अर्ध्या चमच्याचं काय लिहायचं.

१७ मार्च

काल सगळा दिवस ओकली. पाठीची कमान करून रडते, जणू कुणी आतून ओढतंय. छातीला लावलं की दोन घोट पिऊन तोंड फिरवते. भूक लागलेली आणि प्यायला भीती वाटते, असं लेकराला व्हावं का?

कालीपा परवा "काय गुटगुटीत झालीय" म्हणून गेली होती. तिचीच दृष्ट. कपाळाला काजळीचं बोट लावलं. दृष्ट घालवायला आर्चाच्या झाडाची फांदी पेटवून धूर फिरवणार होते, बेगायिम म्हणाली, "आपा, धूर नको, तिचं नरडं आधीच भाजलंय." बरं, धूर अंगणात फिरवला.

२१ मार्च

नौरुझ, आमचं नवं वर्ष. सगळी बाया-माणसं कालीपाकडे सुमोलोकची, मोड आलेल्या गव्हाच्या खिरीची कढई ढवळायला. आम्ही घरी. चार दिवस पोर बरी होती, दिवसाला तीनदाच ओकली, एकदा तर फक्त घोटभर. मला वाटतं काजळीनं गुण आला. सणाचा दिवस, म्हणून बेगायिमला शोर्पो दिला, या वेळी चमचाभर लोणी घालून.

खांद्यावर घेऊन झिबेकला सांगितलं, आज दिवस आणि रात्र सारखे झाले. तिनं ढेकर दिली. मोठ्या माणसासारखी.

२३ मार्च

वाईट. पुढच्या बाजूला पान पुरलं नाही.

२९ मार्च

आठवडाभर लिहिलं नाही मागून. पुढून लिहिलं, नियमानं. बेगायिमनं बघितलं आणि म्हणाली, "आपा, तुमचे आकडे किती सुरेख असतात." गणिताच्या बाईनं असं म्हटल्यावर माणूस काय करील. मी दोन दिवस आकडे आणखी जपून काढले.

तिचं अंग उतरत चाललंय. पदार्थ तरी किती उरलेत तिला. परवा कुबातनं गरम भाकरीवर साय फासून तिच्यासमोरच खाल्ली, बैलानं खावी तशी. ती बघत राहिली आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली. मी त्याला चिमटा काढला. "काय केलं मी?" म्हणतो. पुरुषाच्या जातीला साय दिसते, बायको दिसत नाही.

आता दिवसाआड देते. ती जेवढी वाळेल तेवढं मी वाढवणार, हे ठरवून टाकलंय. मरेपर्यंत बोलणार नाही कुणाला. सासू बोलली होती का?

२ एप्रिल, मंगळवार

दवाखाना. तीन किलो आठशे वीस. तीन आठवड्यांत फक्त एकशे वीस ग्रॅम. डॉक्टरबाईंनी वही दोनदा वाचली, पुढून. "आपा, वही फार चांगली ठेवलीत." मग बेगायिमला विचारलं, "नक्की काही दुधाचं पोटात जात नाही ना? बिस्किट, सॉसेज, कशातून तरी?"

"नाही," बेगायिम म्हणाली. "चव विसरलेय मी."

मी पायातल्या बुटाकडे बघत होते. एक मन म्हणालं, बोल. दुसरं म्हणालं, लोणी म्हणजे काय दूध आहे का? दूध पांढरं, लोणी पिवळं. दूध गाईतून येतं, लोणी माझ्या हातातून.

औषध वाढवलं. आणि म्हणाल्या, तीस तारखेपर्यंत चार किलो तीनशे झालं पाहिजे. नाही झालं तर बिश्केकला पाठवणार, मोठ्या इस्पितळात. तिथे नाकातून नळी घालून पोटात दूध सोडतात.

नळी. एवढंसं नाक. माझी करंगळीसुद्धा मोठी त्याच्यापुढे.

कुबात गाडीत नेहमी गाणी लावतो, आज परत येताना नाही लावली.

५ एप्रिल

कोचकोरहून फोन आला, माझ्या भावाला जाऊन वर्ष झालं, त्याच्या जेवणाचा. गेलंच पाहिजे, एकच भाऊ होता. सहा दिवस. कुबातला बजावलं, वही तू लिही, आकडे नीट काढ. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, पंचवीस मिनिटं नव्हे.

जायच्या आधी बेगायिमला भरपेट शोर्पो दिला, दोन चमचे. पुढच्या सहा दिवसांची बेगमी.

११ एप्रिल

आले. आधी लेकराला बघितलं, बूटसुद्धा काढले नाहीत. गाल! खरंच गाल आलेत. मला ओळखलं, हसली, आणि ते हसू ओकारी येऊन मोडलं नाही.

बेगायिम पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "आपा, पहिले तीन दिवस फार वाईट गेले. मग एकदम शांत झाली. काल तर एकदाच ओकली. औषध लागू पडलंय बहुतेक." डोळे ओले झाले होते तिचे, पण बरं वाटून.

मी सहा दिवसांचं पुढचं पान बघितलं. कुबातचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेलीय. पण ओकल्याच्या रेघा कमी कमी होत गेल्यात. जेवणाच्या ओळीला रोज तेच: भात, मटण. भात, मटण. त्याला दुसरं काही येत नाही.

बिचारी सहा दिवस त्याच्या हातचं खातेय. मी लगेच चूल पेटवली. चांगला शोर्पो केला, आनंदानं केला, दोन चमचे सढळ हातानं.

१३ एप्रिल

परत सुरू.

काल दुपारपासून. अकरा वेळा. दुधात पिवळसर फेस. माझ्या खांद्यावरचे रुमाल बदलून बदलून संपले, शेवटी कुबातचा शर्ट घेतला.

बेगायिम रडत नव्हती. ते जास्त वाईट.

१४ एप्रिल, रविवार

मला आता कळलं, आणि हे लिहायला हात उठत नाही. मी नव्हते तेव्हा पोर बरी होती. मी आले आणि बिघडली. म्हणजे दृष्ट कालीपाची नाही. माझी आहे.

मीच तर दिवसभर म्हणते, कसे कान, कसे डोळे, रेशीम माझं. एवढा आनंद तोंडानं बोलू नये, म्हातारी माणसं सांगायची. माझी आई तर आम्हाला "काळं पोर, घाणेरडं पोर" म्हणूनच हाक मारायची, आणि आम्ही सगळे जगलो. मी मात्र शहाणी. बासष्टाव्या वर्षी खुळ्यासारखी खूश होऊन बसले.

उद्यापासून तिच्याकडे बघणार नाही. खांद्यावर घेणार नाही. अर्धा तास कुबात धरेल, नाहीतर बेगायिम.

स्वयंपाक करीन. स्वयंपाकातून दृष्ट लागत नाही.

१५ एप्रिल

बघितलं नाही. पाठीमागून फक्त तिचा पाय दिसला, एक मोजा निघालेला. तेवढं बघण्यात मोडतं का?

बेगायिमनं विचारलं, "आपा, बरं नाही का तुम्हाला? घेत नाही तिला."

"पाठ दुखते."

"आठ आठ वेळा धरत होतात, दुखणारच." तिनं माझ्या पाठीला गरम मिठाची पुरचुंडी लावून दिली. पाठीला काहीही झालेलं नाही. झोपून राहिले मुकाट्यानं. तिच्या वाडग्यात मग दोन चमचे घातले, मनातून माफी मागत.

१८ एप्रिल

चार दिवस झाले. मी बघितलं नाही, घेतलं नाही, नाव घेतलं नाही. पलीकडच्या खोलीतून फक्त ऐकते. कमी होत नाही. उलट वाढलंय.

कालीपाला सांगितलं. ती आधी हसायला लागली, मग माझं तोंड बघून थांबली. "वेडी आहेस. आजीची दृष्ट लागत असती तर गावात एक पोर उरलं नसतं."

"मग मी गेले तेव्हा बरी कशी झाली?"

"मला काय विचारतेस? तू गेलीस तेव्हा घरातून काय काय गेलं ते बघ."

काय गेलं? मी गेले, माझी पिशवी गेली, गुडघ्याचं औषध गेलं. दुसरं काय जाणार.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी कोणी उठायच्या आत वही घेऊन चुलीपाशी बसले. डाव्या हाताशी पुढची बाजू, उजव्या हाताशी मागची, एकच वही म्हणून सारखी उलटीसुलटी करावी लागत होती. बेगायिम करते तसं करून बघितलं, गणितासारखं.

पंधरा मार्च, मागे: अर्धा चमचा. सोळा, पुढे: ओकल्याच्या नऊ रेघा.
एकवीस, मागे: चमचाभर. तेवीस, पुढे: पान पुरलं नाही.
सोळा ते एकवीसच्या मध्ये मागे लोणी नाही. पुढे रेघा तीन, तीन, दोन.
सहा ते दहा एप्रिल, मी नाही. पुढे भात, मटण, भात, मटण, आणि रेघा उतरत गेलेल्या.
अकरा, मागे: दोन चमचे, सढळ हातानं. आनंदानं.

मी परत मोजलं. मग तिसऱ्यांदा. आकडे सुरेखच आहेत माझे.

चूल विझली तरी मला समजलं नाही.

२० एप्रिल, शनिवार

काल बोलायला तोंड उघडलं नाही. लोणी घातलं नाही, एवढंच केलं. आज बोलावंच लागलं.

बेगायिम पलंगावर बसून जुनी चादर फाडत होती, लांब पट्टी. मी विचारलं, काय करतेस.

"बांधून घेते छातीला. आटू दे. कुबात पावडरचा डबा आणायला गेलाय." पट्टी हाताला गुंडाळत होती, तोडून टाकल्यासारखी बोलत होती. "माझंच दूध विषारी आहे, आपा. मी काही खात नाही, काही पीत नाही, तरी तिला भाजतं. म्हणजे मीच. दुसरं काही उरतच नाही. डॉक्टरांना विचारायला सोमवारपर्यंत थांबायचं म्हणतो कुबात. मला नाही थांबवत. तिनं काल माझ्याकडे बघून तोंड फिरवलं."

झिबेक नुकतीच प्यालेली, आईच्या मांडीवर आडवी पडली होती. मी पाच दिवसांनी तिला उचललं, खांद्यावर घेतलं. हलकी.

"बांधू नकोस," मी म्हटलं. "तुझं दूध चांगलं आहे. माझा हात वाईट."

तिला कळलं नाही. कळणार कसं? मी कोनाड्यातली वही काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूनं तिच्या हातात दिली.

ती खिडकीशी उभी राहून वाचू लागली. मी पोरीला घेऊन दाराशी. माझं अक्षर तिला सवयीचं, भराभर वाचत होती. मग सावकाश वाचायला लागली. एकदा पान मागे उलटून परत वाचलं. तिच्या मानेची शीर दिसत होती तेवढीच. मी झिबेकला खिडकीतलं काही सांगितलं नाही, कारण खिडकीत तिची आई होती.

वाचून झालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला होता. बरोबर अर्धा.

"झिबेकला द्या," ती म्हणाली.

दिलं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. गणिताच्या बाई दार आपटत नाहीत.

कुबात डबा घेऊन आला. आत गेला, बाहेर आला. "आपा, तुम्ही..." एवढंच म्हणाला. डबा परत गाडीत नेऊन ठेवला. बराच वेळ गाडीतच बसून होता.

२१ एप्रिल

सकाळी बेगायिमनं स्वतः चूल पेटवली. माझ्यासाठीही वाढलं, समोर ठेवलं, रीत सोडली नाही. पण स्वतःचं ताट स्वतः, पातेल्याला मला हात लावू देत नाही. मी चमचा उचलला तर "राहू द्या, आपा." तीन शब्द. मारलं असतं तर बरं.

लोण्याची पिशवी अख्खी कालीपाला नेऊन दिली. "मरायला टेकलीस का, लोणी वाटत सुटलीस?" मी म्हटलं, घे आणि गप बस. ती गप बसली. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा.

पुढच्या बाजूला त्या त्या तारखेसमोर लिहून टाकलं. लोणी, अर्धा चमचा. लोणी, एक. लोणी, दोन. काळी शाई संपली होती, निळ्यानं लिहिलं.

२५ एप्रिल

रेघा: पाच.

बेगायिमनं वही घेतली नाही माझ्याकडून. मला वाटलं होतं काढून घेईल. अजून मीच लिहिते. अर्धा तासही मीच धरते, ती पोर आणून माझ्या खांद्यावर ठेवते, बोलत नाही. म्हणजे खांद्यावर विश्वास आहे. हातावर नाही.

बरोबर आहे तिचं. माझ्या सासूनं मला लोणी दिलं तेव्हा मी उपाशी होते. ही उपाशी नव्हती. हिला कुणी विचारलंच नाही, तुला काय हवंय. मीही नाही.

२७ एप्रिल

रेघा: दोन. आणि एकदा पोटभर पिऊन झोपली, खांद्यावरच. अर्धा तास होऊन गेला होता. मी हलले नाही.

३० एप्रिल, मंगळवार

चार किलो तीनशे पन्नास.

काट्याचा आकडा मी आधी वाचला, चष्म्याशिवाय. डॉक्टरबाईंनी परत तोलली. तेवढंच. बिश्केक नाही, नळी नाही. औषध चालू ठेवायचं, दूध-साय आईला अजून बरेच महिने बंद, मग बघू.

"काय बदललं या वेळी?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी बेगायिम म्हणाली, "आपांनी शोधून काढलं. वहीवरून."

डॉक्टरबाईंनी वही उघडली. निळ्या शाईवरून बोट फिरत गेलं. लोणी. लोणी. लोणी, दोन. बोट थांबलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी या वेळी बुटाकडे बघितलं नाही.

"आपा," त्या म्हणाल्या, "लोक असं घडतं ते मला सांगत नाहीत. लिहून तर कुणीच आणत नाही." आणि वहीवर सही केली, पुढच्या बाजूला, खाली.

शाबासकी होती की काय होतं, अजून ठरवते आहे.

येताना गाडीत कुबातनं गाणी लावली. बेगायिम मागे माझ्याशेजारी, झिबेक तिच्या मांडीवर. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, पुढे बघत, "आपा, माझ्या शेवया पट्ट्यासारख्या असतात?"

आता खोटं बोलायची सोय राहिली होती का?

"थोड्या," मी म्हटलं.

"थोड्या?"

"खोगीर आवळता येईल."

पुढून कुबातला असा ठसका लागला की गाडी कडेला घ्यावी लागली. बेगायिम हसली नाही. पण तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, तो तिनं काढून घेतला नाही.

३ मे, शुक्रवार

संध्याकाळी चुलीवर हाडं उकळत होती, तिनंच ठेवलेली. मी नेहमीसारखी लांब बसले होते, झिबेकला घेऊन. बेगायिमनं वाडगा घेतला, पळी घेतली आणि माझ्यासमोर आणून धरली.

"तुम्ही वाढा, आपा. माझे हात भरलेत." हात भरलेले नव्हते. पोर तर माझ्याकडे होती.

मग तिनं पोर घेतली, म्हणजे तेव्हा भरले.

मी वाढलं. तिनं बघितलं नाही. मुद्दाम पाठ केली, चुलीत काटक्या घालायला लागली. ती पाठ मी कुठे बघितली होती ते मला आठवलं. शोर्पो, बटाटा, वर थोडा कांदा. वाडगा दिला. ती प्याली. मी आधी चाखलं होतं, नुसतं मीठ-पाणी.

"छान झालंय, आपा," म्हणाली.

खोटं बोलते पोरगी. बरी आहे.

वही सरळ केली आणि पुढच्या पानावर लिहिलं: शोर्पो, बटाटा, कांदा, भाकरी, काळा चहा. ओकली: नाही. त्याखाली, काळ्या शाईनं: आणखी काही नाही.